हर्सूलहून निघालेले पाणी

औरंगाबादच्या पाणचक्कीत आलेला पाहुणा आधी हौदापाशी थांबतो. उंच भिंतीवरून हौदात पडणारी धार पाहतो, लेकराच्या हाताने माशांना चुरमुरे टाकायला लावतो, वडाच्या सावलीत टेकतो. मग कुणीतरी आठवण करून देते आणि तो बाजूच्या लहानशा खोलीत डोकावतो. तिथे दगडाचे एक मोठे जाते आपले आपण फिरत असते. त्याला खुंटा नाही, खुंट्यावर हात नाही. पाहुणा खाली वाकतो, पाण्याचा आवाज ऐकतो, "असे आहे होय" म्हणतो आणि बाहेर पडतो.

लहानपणी मीही असाच पाहून बाहेर पडायचो. एकदा तिथे बसलेल्या एका म्हाताऱ्या चाचांनी मला हटकले. म्हणाले, "चक्की बाद में देख. पहले पानी किधर से आया वो देख." मला वाटले रागावले. आज पाणचक्कीचा इतिहास लिहायला बसलो आहे, तर सुरुवात कुठून करायची याचे त्यांनी तेव्हाच उत्तर देऊन ठेवले होते असे ध्यानात येते.

माझा जन्म औरंगाबादचा, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरचा. पोटापाण्यासाठी मात्र रायपूरला आलो आणि इथलाच झालो. रायपूरहून बिलासपूरच्या रस्त्याला लागले की सिलतरा येते. इथले आमचे जग लोखंडाचे. स्पंज आयर्नच्या फिरत्या भट्ट्यांच्या देखभालीत माझी हयात गेली. भट्टी म्हणजे किंचित उतरते ठेवलेले लांबलचक नळकांडे, आतून विटांचे अस्तर, आणि चाल इतकी संथ की मिनिटाभरात एक फेरासुद्धा पुरा होत नाही. अशा संथ फिरणाऱ्या जड वस्तूपाशी वर्षानुवर्षे उभे राहिले की कान तयार होतात. तिचा रोजचा आवाज कुठला आणि आजारपणाचा कुठला, हे अंधारातही कळते. या कानांनी पुढे जेव्हा जेव्हा पाणचक्की ऐकली, तेव्हा ती मला निराळी ऐकू आली.

एका स्मरणिकेसाठी आपापल्या मुलखातल्या एखाद्या जुन्या संस्थेचा इतिहास लिहा, असे आम्हा काही जणांना सांगितले गेले. कुणी शाळा घेतली, कुणी वाचनालय. मी चक्की घेतली म्हटल्यावर दोघातिघांनी विचारले, चक्की ही संस्था कशी? तिला संस्थापक आहेत, देणगीदार आहेत, इमारत आहे, रोजचे काम आहे आणि त्या कामावर ज्यांचे पोट भरले अशा माणसांची न मोजलेली रांग आहे. एवढे असल्यावर संस्था म्हणायला आणखी काय लागते?

खडकी आणि तिचे पाणी

पाणचक्कीच्या आधी औरंगाबाद या गावाच्या पाण्याची गोष्ट सांगितली पाहिजे. निजामशाहीचा कर्तबगार वजीर मलिक अंबर याने १६१० मध्ये ते खडकी या नावाने वसवले. हा माणूस मूळचा इथिओपियाचा. गुलाम म्हणून विकला गेला, हात बदलत बदलत दख्खनेत आला आणि पुढे मोगलांना वर्षानुवर्षे थोपवून धरणारा सेनापती झाला. त्याच्या गनिमी काव्याबद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे. मला त्याच्या लढायांपेक्षा त्याची नहर, म्हणजे जमिनीखालून आणलेला पाण्याचा पाट, मोठी वाटते. लढाईत जिंकलेले किल्ले पुढे त्याच्या धन्याच्या हातून गेलेच. नहरीचे पाणी गावात येत राहिले.

खडकीची जागा डोंगरांच्या कुशीत, उतारावर. पावसाळ्यात खाम नदी भरून वाहते, उन्हाळ्यात तिचे पात्र उघडे पडते. पण उत्तरेच्या बाजूला, हर्सूल आणि सावंगीकडे, जमिनीखाली पाणी खेळते. वर वाळू कोरडी दिसत असतानाही खाली ओल वाहत असते. मलिक अंबरने ते पाणी जमिनीखालूनच पकडले आणि जमिनीखालूनच गावात आणले. ना मोट, ना रहाट. साऱ्या वाटेभर नुसता उतार राखलेला. तिकडे बुऱ्हाणपूरलाही याच काळात कुंडी भंडाऱ्याची अशीच भुयारी योजना झाली, आणि ती करवणारा खानखानान अब्दुर्रहीम हा रणांगणात मलिक अंबरच्या समोर उभा असलेला मोगल सरदार. दोघांच्या फौजा एकमेकींच्या जिवावर उठलेल्या असताना, तहानलेल्या गावाला पाणी कसे द्यायचे याचे उत्तर मात्र दोघांनी एकच काढले.

मलिक अंबर १६२६ मध्ये गेला. पुढे औरंगजेब दख्खनचा सुभेदार असताना खडकीचे औरंगाबाद झाले. गावात फौज आली, कारकून आले, व्यापारी आले, फकीर आले. तोंडे वाढली तशा नव्या नहरी निघाल्या. त्यांपैकीच एक पाणचक्कीची नहर.

गिझदुवानहून आलेले दोघे

संस्थेचे मूळ मात्र पाण्यात नव्हते. ते दोन माणसांत होते. बुखाऱ्याजवळ, आजच्या उझबेकिस्तानात, गिझदुवान नावाचे गाव आहे. तिथून नक्शबंदी परंपरेचे दोन सूफी हिंदुस्थानात आले. बाबा शाह सईद पलंगपोश हे गुरू आणि बाबा शाह मुसाफिर हे त्यांचे शिष्य. पलंग म्हणजे फारसीत बिबट्या. त्याचे कातडे पांघरणारा तो पलंगपोश. बाबा पलंगपोश हे मोगल सरदार गाजिउद्दीन खान फिरोज जंगाच्या फौजेबरोबर हिंडत. तुराणातून, म्हणजे मध्य आशियातून, नशीब काढायला आलेल्या हजारो शिपायांना परक्या मुलखात आपल्या बोलीतला एक आधार हवा होता, तो या बाबांमध्ये सापडे. आम्ही छत्तीसगडात आलेली मराठी माणसे हे फार चांगले समजू शकतो. परगावी आपल्या भाषेत "जेवलास का?" असे विचारणारा माणूस भेटला की निम्मे ओझे उतरते.

गुरू फौजेबरोबर फिरत राहिले. शिष्य एका जागी बसले. बाबा शाह मुसाफिर औरंगाबादेत खाम नदीच्या काठी राहिले आणि तिथे त्यांचा तकिया उभा राहिला. तकिया म्हणजे फकिराची बसण्याउठण्याची, आल्यागेल्याला टेकायची जागा. नावातच मुसाफिर असलेल्या माणसाने स्वतः ठाण मांडून बाकीच्या मुसाफिरांची सोय पाहिली. गुरूंचे देहावसान १६९९ मध्ये झाले, शिष्याचे १७१५ च्या सुमारास. दोघांच्याही मजारी इथेच आहेत. दर्गा लाल दगडाचा, साधा. पुष्कळदा लोक चक्की पाहून, फोटो काढून, दर्ग्याकडे न वळता निघून जातात. ज्यांच्यासाठी हे सगळे झाले ती माणसे तिथे आहेत, एवढे तरी येणाऱ्याला माहीत असावे असे मला मनापासून वाटते.

या दोघांच्या आठवणी आणि बोल 'मल्फुजात-ए-नक्शबंदिया' या फारसी ग्रंथात आहेत. तो शाह मुसाफिरांचे उत्तराधिकारी शाह महमूद यांनी सिद्ध केला. सायमन डिग्बी या अभ्यासकाने त्याचे इंग्रजी भाषांतर केले आणि ते २००१ मध्ये पुस्तकरूपाने आले. त्यात चमत्कार आहेत, तसेच पैशाची चणचण, शिपायांची भांडणे, कुणाचा घोडा, कुणाची शाल असले रोजचे जगणेही आहे. संस्थेचा इतिहास लिहिणाऱ्याला चमत्कारांपेक्षा अशा नोंदी जास्त उपयोगी पडतात.

शाह महमूदांचे काम ग्रंथापुरते नव्हते. आज आपण पाणचक्कीचे आवार म्हणून जे पाहतो, म्हणजे मशीद, मदरसा, सराई, कचेरी, हौद, त्याला आकार आला तो त्यांच्या काळात. बाबांनी जागा दिली, शाह महमूदांनी संस्था दिली. बहुतेक चांगल्या संस्थांचे असेच असते. पहिला माणूस ओढ लावतो आणि दुसरा माणूस चुना, विटा, हिशेब पाहतो. नाव पहिल्याचे राहते. इथे मात्र शेजारच्या महमूद दरवाजामुळे दुसऱ्याचे नावही गावाच्या तोंडी राहिले आहे.

सन कोणता?

स्मरणिका म्हटली की स्थापनेचे साल हवे. पाणचक्कीच्या बाबतीत दोन साले फिरतात. जुन्या गॅझेटियरमध्ये अशी नोंद आहे की निझाम-उल-मुल्क आसफजाहाच्या पदरचा सरदार तुर्कताज खान याने १६९५ च्या सुमारास चक्की बांधली आणि पुढे वीस वर्षांनी जमील बेग खानाने लांबट हौद आणि कारंजी जोडली. दुसरीकडे सर्रास १७४४ हे साल सांगितले जाते.

मला १६९५ पटत नाही, आणि का पटत नाही ते सांगतो. ज्याच्या पदरचा सरदार म्हणायचे तो निझाम-उल-मुल्क १६७१ चा. म्हणजे १६९५ मध्ये तो चोवीस वर्षांचा, बापाच्या फौजेतला एक तरुण सरदार. निझाम-उल-मुल्क हा किताब त्याला मिळाला १७१३ मध्ये, आसफजाह हा १७२५ मध्ये. शिवाय १६९५ मध्ये गुरू पलंगपोशच हयात होते, तकिया नुकता कुठे मूळ धरत होता. एवढी लांब नहर आणि एवढा हौद उभा करायला पाठीशी स्थिर सत्ता लागते, सधन मुरीद, म्हणजे शिष्य, लागतात. हे दोन्ही शाह महमूदांच्या काळात होते. म्हणून तकिया सतराव्या शतकाच्या अखेरीचा आणि नहर व चक्की अठराव्या शतकाच्या पूर्वार्धातली, असे मी धरून चालतो. या हिशेबाने पाहिले तरी चक्कीचे वय पावणेतीनशे वर्षांच्या पुढे जाते. आमच्या सिलतऱ्यातल्या कुठल्याही यंत्रासाठी एवढे आयुष्य कुणी स्वप्नातही मागत नाही.

नहर

आता चाचांनी सांगितलेल्या पाण्याकडे येतो. नहर सुरू होते ती हर्सूलकडे, नदीला ओढा मिळतो त्या जागेच्या वरच्या अंगाच्या एका विहिरीपासून. पाणचक्कीपर्यंतचे अंतर ६ ते ८ किलोमीटर सांगतात. नुसत्या विहिरीच्या पाण्याने भागेना, म्हणून नदीचे पात्र खोदून वाळूखाली फाटे घातले. वाळूतून झिरपलेले पाणी त्या फाट्यांत उतरते आणि मुख्य नहरीला मिळते. वाळू ही आपोआप गाळणी झाली. नदीचे गढूळ पाणी वरून निघून जाते, खालून निवळशंख पाणी गावाकडे निघते.

पुढची वाट भाजलेल्या मातीच्या नळांची. एकात एक बसवलेले खापरी नळ, सांध्यांना चुना, आणि सगळ्यांवर दगडविटांच्या बांधकामाचे कवच. मातीचा नळ म्हटला की कच्चा वाटतो. पण विचार करा. लोखंड गंजते, लाकूड कुजते. जमिनीच्या पोटात ओलीत राहायचे असेल तर भाजलेल्या मातीसारखे टिकाऊ दुसरे काही त्या काळी नव्हते. आम्ही कारखान्यात ज्याला अस्तर म्हणतो, त्या विटाही शेवटी भाजलेली मातीच. एक आगीशी झुंजते, एक पाण्याशी.

सलग बंद नळातून पाणी न्यायचे म्हणजे दोन वैरी आड येतात. एक गाळ आणि दुसरी हवा. गाळ उपसता यावा म्हणून वाटेत उतरायच्या जागा ठेवल्या. हवेचा बंदोबस्त आणखी देखणा आहे. नळात हवा कोंडली की पाणी अडते, दाब वाढला की नळ फुटतो. म्हणून ठिकठिकाणी चौकोनी उंच खांब बांधले. पाणी एका नळाने खांबात वर चढते, वरच्या उघड्या टाकीत येऊन मोकळे होते, कोंडलेली हवा सोडते आणि दुसऱ्या नळाने खाली उतरून पुढे निघते. जितक्या उंचीवरून पाणी निघाले जवळजवळ तितकेच ते पुन्हा चढू शकते, हे ज्यांना ठाऊक होते त्यांनी ही योजना केली. या खांबांना लोक जुने पडके मनोरे समजतात. माझ्या एका मित्राच्या वाड्यामागे नहरीचा असाच एक खांब होता आणि आम्ही त्यावर चढून पतंग काढायचो. ते पाण्याचे नाक आहे, तिथून नहर श्वास घेते, हे तेव्हा कुणी सांगितले असते तर चढताना पाय जपून ठेवला असता.

शाह मुसाफिरांचे गिझदुवान हे झरफशान नदीच्या कालव्यांवर जगणाऱ्या मुलखातले. वाळवंटाच्या कडेला राहणाऱ्या माणसाला पाण्याचा पाट आणि त्यावरची चक्की नवी नसते. मलिक अंबरने इथे भुयारी पाण्याची वाट घालून दिलेली होती, बुखाऱ्याकडून आलेल्यांना कालव्याची जाण होती, आणि खोदणारे, चुना मळणारे, नळ भाजणारे हात इथल्या कुंभारांचे, वडारांचे, बेलदारांचे असणार. ती नावे कुठल्याही ग्रंथात उतरली नाहीत. उतार मात्र त्यांच्याच नजरेने साधला. किलोमीटरमागून किलोमीटर जमिनीखाली चालून जायचे आणि शेवटी पाणी हव्या त्या उंचीवर आणून सोडायचे, यात कुठे वीतभर चूक झाली असती तर भिंतीवरची धार पडलीच नसती.

चक्की

नहरीचे पाणी आवाराजवळच्या उंच भिंतीत चढते आणि तिथून धार होऊन हौदात कोसळते. उंचीवर आलेल्या या पाण्याच्या अंगात जो जोर आहे तोच चक्कीला फिरवतो.

आपण पुस्तकांत पाहतो ते पाणचाक उभे असते, बैलगाडीच्या चाकासारखे. त्याला दाते लागतात, कारण उभ्या चाकाची फिरकी आडव्या दगडाला द्यायची असते. पाणचक्कीचे चाक आडवे आहे, खाली जमिनीच्या पोटात, पात्या लावलेले. धार पात्यांवर आदळते, चाक फिरते, चाकात रोवलेला उभा दांडा फिरतो आणि दांड्याच्या डोक्यावर बसवलेली वरची तळी फिरते. खालची तळी स्थिर. चाकाचा एक फेरा म्हणजे दगडाचा एक फेरा. मध्ये दातेरी चाक नाही, पट्टा नाही, साखळी नाही. हिमालयातल्या गावांत घराट म्हणतात तीही याच जातीची. देखभालीचे काम केलेल्या माणसाला असे यंत्र पाहिले की हात जोडावेसे वाटतात, कारण जो भाग यंत्रात नाहीच तो बिघडतही नाही. झिजायला दोनच जागा. एक दांड्याचे खालचे टोक, ज्यावर सगळा भार, आणि दुसरी दगडांची तोंडे.

दगडांची तोंडे झिजून गुळगुळीत झाली की दाणा फुटत नाही, नुसता घसरतो. मग तळी उचलून तिला टाकी लावावी लागते. आमच्या गल्लीत घरच्या जात्यांना टाकी लावणारे यायचे. आजी अंगणात जाते काढून द्यायची आणि तो माणूस छिन्नीने त्यावर बारीक टिंबे उठवत बसायचा. काम झाले की आजी पहिला घास दळून ते पीठ बाजूला ठेवायची, कारण त्यात दगडाची कच असते. आजीच्या हातात सुपातले दाणे, मूठ मूठ करून वैरण घालणे, दुसऱ्या हाताने खुंटा ओढणे, पहाटेच्या अंधारात जात्याची घरघर आणि तिच्या तोंडात ओवी. दोन पायल्या ज्वारी दळून उठली की तिच्या तळव्यावर खुंट्याचा घट्टा लाल झालेला दिसे. असे पीठ आम्हा सात जणांच्या घरालाच कसेबसे पुरत होते.

आता तकियातले जेवण डोळ्यांपुढे आणा. मदरशातले विद्यार्थी, सराईतले वाटसरू, दूरदेशीहून आलेले फकीर, आणि सांगतात त्याप्रमाणे छावणीतले शिपाईसुद्धा. एवढ्या भाकऱ्यांचे पीठ हातांनी दळायचे म्हणजे किती बायांच्या किती पहाटा गेल्या असत्या, याचा हिशेब आजीचा तळवा पाहिलेल्या माणसाला चटकन करता येतो. माझ्या मते पाणचक्कीचे खरे मोठेपण इथे आहे. तिची गंमत पाहायला लोक येतात, पण ती गमतीसाठी केलेली नव्हती. अन्नदानाचे व्रत घेतलेल्या घराने माणसांच्या हातावरचा भार पाण्याच्या खांद्यावर दिला. फुकट जेवू घालणाऱ्या संस्था आपल्याकडे पुष्कळ झाल्या. त्या जेवणासाठी दळणाऱ्यांच्या हातांचा विचार करणाऱ्या थोड्या.

चक्की संथ फिरते म्हणून पीठ तापत नाही. विजेच्या गिरणीतून डबा आणला की पीठ कढत लागते. इथले पीठ मी एकदा चिमूटभर हातावर घेतले होते, गार होते आणि थोडे भरडे होते. आज तिथे धान्य दळायला कुणी डबा घेऊन जात नाही. चक्की फिरते ती पाहणाऱ्यांसाठी. तरी तिचा एकेक भाग त्या कामाच्या तयारीत आहे, आणि तोंडात दाणे टाकले तर ती दळते.

हौदाखालची खोली

हौदाविषयी एक गोष्ट पुष्कळांच्या नजरेतून सुटते. मशिदीपुढचा तो लांबट हौद जमिनीत खोदलेला नाही. तो एका मोठ्या दालनाचे छत आहे. खाली जाड खांबांच्या रांगा, वर लाखो लिटर पाण्याचे ओझे, आणि मधे मे महिन्यातही अंगावर शिरशिरी यावी असा गारवा. जास्तीचे पाणी शेजारच्या खाम नदीत सोडून दिले जाते. तहान, दळण, वजूचे पाणी, कारंजी, गारवा आणि उरलेले नदीला, असा एकाच धारेचा उपयोग करून घेतला आहे. थेंबाला तीनतीनदा कामाला लावण्याची ही रीत पाहिली की आमच्याकडे कारखान्यात वापरलेले पाणी थंड करून पुन्हा फिरवण्यासाठी केवढी यंत्रे लावावी लागतात ते आठवते.

परीक्षेच्या दिवसांत नागसेनवनातले विद्यार्थी पुस्तके घेऊन त्या गारव्याला येताना मी पाहिले आहेत. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५० मध्ये सुरू केलेले तिथले मिलिंद महाविद्यालय इथून जवळच. मदरशाच्या आवारात दोनशेहून अधिक वर्षांनंतरही मुले अभ्यास करत बसलेली होती. इथे एक मोठा ग्रंथसंग्रहही होता. त्यातली बरीच पुस्तके काळाच्या ओघात गेली, थोडी राहिली.

निझामी गेली, १९४८ मध्ये मराठवाडा मोकळा झाला, १९६० मध्ये महाराष्ट्र झाला. आवार वक्फचे राहिले आणि महाराष्ट्र राज्य वक्फ मंडळाचे मुख्यालयही इथेच आहे. वेरूळ-अजिंठ्याला निघालेला प्रवासी बीबी का मकबरा पाहतो आणि पाणचक्की करतो, असा रिवाज पडला. तिकिटाची खिडकी आली, बाहेर खेळण्यांची आणि हिमरूच्या शालींची दुकाने आली.

निगा

नहर बांधली एकदाच. जपावी लागली दरवर्षी. गाळ उपसायचा, सांधे पाहायचे, खांबांच्या टाक्यांतली पाने काढायची, पिंपळाचे रोप दिसले की मुळासकट उपटायचे. झाडाचे मूळ हा नहरीचा मोठा शत्रू. केसाएवढे मूळ सांध्यातून आत शिरते, पाणी मिळाले की जटेसारखे वाढते आणि नळ बुजवून टाकते. पूर्वी हे काम करणारी माणसे नेमलेली असत. बापाने मुलाला नहर कुठून कुठे जाते ते पायी चालून दाखवलेले असे. नकाशा त्यांच्या पायांत होता.

नळाचे पाणी घरोघर आले, शहराला जायकवाडीचे पाणी मिळू लागले आणि नहरीची गरज संपली असे लोकांना वाटले. वस्ती वाढत हर्सूलकडे सरकली. नहरीवरून रस्ते गेले, पाया खोदताना नळ फुटले, खांबांना भिंती टेकल्या, कुठे कुठे सांडपाणी मिसळले. मित्राच्या वाड्यामागचा तो पतंगाचा खांब मी परवा शोधायला गेलो तर तिथे दुमजली घर होते. घरमालकांना विचारले तर म्हणाले, असे काही होते खरे, पाया घेताना दगड फार चिवट लागले. मला त्या माणसाचा राग आला नाही. त्याला कुणी सांगितलेच नव्हते की आपण काय फोडतो आहोत. राग आला तो माझाच आणि माझ्या पिढीचा. आम्ही त्या खांबावरून पतंग काढले आणि त्याचे नाव पुढच्यांना सांगितले नाही.

रायपूरच्या बुढा तालाबाच्या काठाने फिरताना माझ्या मनात हेच येते. छत्तीसगडात गावोगावी तलाव आहेत आणि जिथे लोक दरवर्षी तळ्यात उतरून गाळ काढतात तिथेच ते तळे जिवंत आहे. तळे निदान डोळ्यांपुढे असते, आटले की दिसते. नहर जमिनीखाली. ती मरत असेल तर वरच्या माणसाला काहीच कळत नाही. एक दिवस भिंतीवरची धार बारीक होते, तेव्हा कळते.

चांगलेही घडते आहे, ते लिहिले पाहिजे. गेल्या काही वर्षांत महापालिका आणि नागरिकांनी मिळून खाम नदी साफ करण्याचे काम हाती घेतले आहे. इतिहासाचे अभ्यासक, स्थापत्याचे विद्यार्थी नहरींच्या वाटा पायी चालून पाहतात, खांब मोजतात. नहर चालणारे पाय पुन्हा तयार होत आहेत, याचा मला किती आनंद आहे हे सांगता येणार नाही. आमची पिढी जे सांगायचे विसरली ते ही मुले स्वतः शोधत आहेत.

मागच्या मे महिन्यात गावी गेलो तेव्हा नातीला घेऊन पाणचक्कीत गेलो होतो. ती सिलतऱ्यात वाढलेली. संध्याकाळी दारावर बोट फिरवले की काळी भुकटी लागते अशा घरातली. धार उन्हाळ्याची, बारीक होती. चक्कीच्या खोलीत गर्दी होती, म्हणून मी तिला आधी बाहेर थांबवले आणि त्या उंच भिंतीकडे बोट दाखवून हर्सूल कुठल्या दिशेला ते सांगितले. वाळू, विहीर, खापरी नळ, खांब, सगळे क्रमाने सांगितले. तिने विचारले, "आजोबा, आत्ता पडतंय ते पाणी तिकडून कधी निघालं असेल?" मला सांगता येईना.

मग गर्दी ओसरली आणि आम्ही आत गेलो. तिने जाळीपाशी वाकून खाली पाहिले. मी डोळे मिटून ऐकले. पाण्याचा आवाज, त्याखाली दगडाची घरघर, आणि फेऱ्यागणिक एकदा, दांड्याच्या तळाशी, अगदी हलका एक ठोका. तो ठोका लहानपणी नव्हता. खालचे टोक झिजत आले असावे. बाहेर येऊन तिथल्या माणसाला मी तो सांगितला. त्याने मान डोलावली, म्हणाला, "हाँ, सुनाई देता. बारिश के पहले उठाना पड़ेगा." त्यालाही तो आधीच ऐकू आला होता.